कृष्णाकाठचा शेक्सपिअर आणि संशोधनाचा आरंभ

इंग्रजी वाङ्मयाच्या संशोधनास हात घालू इच्छिणाऱ्या आपल्याकडील तरुणांत कोशवाङ्मयाविषयी दोन परस्परविरोधी समजुती आढळतात, आणि पुष्कळदा त्या एकाच मनात सुखाने नांदत असतात. पहिली समजूत अशी की, कोश, सूची, चरित्रसंग्रह ही परीक्षेच्या आदल्या रात्री चाळावयाची पुस्तके होत. खऱ्या विद्वानाने त्यांच्या वाटेस जाणे हा कमीपणा होय. दुसरी समजूत अशी की, कोशात जे छापले आहे तो अंतिम निर्णय. तो उतरून घेतला म्हणजे आपले काम संपले. पहिल्या समजुतीपायी जे कार्य कोणी तरी पूर्वीच करून ठेविले आहे तेच पुन्हा करण्यात विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. दुसरीपायी प्रबंध म्हणजे परक्या उताऱ्यांची गोधडी होऊन बसतो. ह्या दोन्ही दोषांचे मूळ आमच्या मते एकच आहे. कोश कोणी, केव्हा व कशासाठी रचला, ह्याचा इतिहास आपणांस ठाऊक नसतो, म्हणून त्याच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये हेही कळत नाही. तो इतिहास थोडक्यात पाहावा आणि त्याचा उपयोग एका प्रत्यक्ष प्रश्नावर करून दाखवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न हवेत तरंगत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. सातारा आणि कऱ्हाड ह्यांच्या दरम्यान, तारळी नदी जेथे कृष्णेस मिळते तेथे, उंब्रज वसले आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथला असल्यामुळे महाराष्ट्रास हे नाव परिचित आहे. येथील मुलास महाविद्यालयीन शिक्षण घ्यावयाचे झाल्यास १९५४ साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले, आणि पुढील अभ्यासासाठी १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. समजा, असा एक विद्यार्थी इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झाला आणि आता त्याला स्वतंत्र असे काही शोधावयाचे आहे. लंडनचे ग्रंथसंग्रहालय त्याच्या हाताशी नाही. शेक्सपिअरवर तेथे दरवर्षी निघणाऱ्या पुस्तकांची नुसती नावे वाचूनही छाती दडपावी अशी स्थिती. अशा मनुष्याने कोठून आरंभ करावा?

उत्तर त्याच्या नदीच्या काठीच आहे. कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली जावे तो कऱ्हाडापुढे टेंभू गाव लागते. तेथे १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, आणि त्यांनीच १८८३ साली ‘विकारविलसित’ ह्या नावाने ‘हॅम्लेट’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. आणखी खाली, सांगलीजवळ, वारणा जेथे कृष्णेस मिळते ते हरिपूर. हे गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे जन्मगाव. त्यांनी ‘ऑथेल्लो’स मराठी वेष चढवून १८९० साली ‘झुंझारराव’ लिहिले. ‘विकारविलसिता’तील चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, भूमिकेने गणपतराव जोशी ह्यांनी महाराष्ट्र गाजविला, तो ज्या शाहूनगरवासी नाटक मंडळीतून, तिच्या नावातच साताऱ्याचे जुने नाव आहे. तेव्हा शेक्सपिअर उंब्रजच्या दोन्ही अंगांस, वरच्या आणि खालच्या काठी, शंभराहून अधिक वर्षे वावरत आला आहे. ह्या वावराचा अभ्यास हा इंग्रजी वाङ्मयाचाच अभ्यास होय. कारण ग्रंथाचे जीवन तो जेथे जेथे वाचला व खेळला गेला तेथे तेथे चालू असते. शिवाय, ह्या क्षेत्रात मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्यास जे दिसेल ते मराठी न जाणणाऱ्या कितीही मोठ्या पंडितास दिसणार नाही.

परंतु जागा सापडली म्हणजे वाट सापडली असे होत नाही. वाटेसाठी दोन भाषांतील कोशवाङ्मय लागते, आणि त्या दोहोंचा इतिहास निराळा आहे.

इंग्लंडात कोशरचनेची परंपरा जुनी. डॉक्टर जॉन्सन ह्यांचा शब्दकोश १७५५ सालचा. शब्दाचा अर्थ ग्रंथकारांच्या वाक्यांनी सिद्ध करावयाचा, ही रीत त्यांनी दृढ केली. तथापि इंग्रजी वाङ्मय हा पद्धतशीर अध्ययनाचा विषय म्हणून त्या देशात फार उशिरा प्रतिष्ठा पावला. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ साली निघाली आणि केंब्रिजला तर १९१७ साल उजाडले. इकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हापासून आमचे विद्यार्थी इंग्रजी कवी व नाटककार ह्यांवर परीक्षा देत होते. म्हणजे ज्यांचे वाङ्मय त्यांच्या जुन्या विद्यापीठांत त्याला आसन मिळण्यापूर्वीच ते आमच्या पुण्यामुंबईच्या पोरांच्या पाठांतरात आले होते!

इंग्रजी वाङ्मयाच्या संशोधनाची मोठी साधने ह्याच उत्तरार्धात व त्यापुढील काळात जन्मास आली. ऑक्सफर्डचा विशाल शब्दकोश जेम्स मरे ह्यांनी चालविला. शेकडो स्वयंसेवी वाचकांनी धाडलेल्या चिठ्ठ्यांवर तो उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला, मरे १९१५ साली निवर्तले आणि कार्य पुरे व्हावयास १९२८ साल लागले. लेस्ली स्टीफन ह्यांनी आरंभिलेला राष्ट्रीय चरित्रकोश १८८५ ते १९०० ह्या काळात ६३ खंडांत पूर्ण झाला. इंग्लंडात १४७५ ते १६४० पर्यंत छापलेल्या पुस्तकांची पोलार्ड व रेडग्रेव्ह ह्यांची सूची १९२६ सालची, तर इंग्रजी वाङ्मयाची केंब्रिजची चार खंडांची ग्रंथसूची १९४० सालची. अर्थाकरिता पहिला, व्यक्तीकरिता दुसरा, जुन्या छापील प्रतींकरिता तिसरी आणि पूर्वी कोणी काय लिहिले ह्याकरिता चौथी, अशी ही कामाची वाटणी आहे. ह्यांपैकी बहुतेकांच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे निघाल्या. राष्ट्रीय चरित्रकोश तर २००४ साली ६० खंडांत नव्याने रचला गेला.

आता ही वर्षे आगरकरांच्या वर्षाशेजारी मांडून पाहावी. १८८३ साली ‘विकारविलसित’ छापले गेले तेव्हा मरे ह्यांच्या कोशाचा पहिला भागही निघालेला नव्हता, चरित्रकोशाचा पहिला खंड दोन वर्षे दूर होता, आणि शेक्सपिअरच्या शब्दांची बार्टलेट ह्यांची प्रसिद्ध अनुक्रमणी १८९४ साली यावयाची होती. त्या काळी उपलब्ध होते ते मेरी काउडन क्लार्क ह्यांच्या १८४५ सालच्या अनुक्रमणीसारखे ग्रंथ, आणि इकडे मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश. आज एखादा परीक्षक आगरकरांच्या भाषांतरात अर्थाची चूक दाखवू लागला, तर तो अर्थ सांगणारे साधन आगरकरांच्या हयातीत होते काय, हा पहिला प्रश्न त्याला विचारला पाहिजे. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात पहारेकरी आपल्या सोबत्यांना ‘रायव्हल’ म्हणतो. आज त्या शब्दाचा अर्थ प्रतिस्पर्धी एवढाच उरला आहे. शेक्सपिअरच्या वेळी त्याचा अर्थ कामातील भागीदार असाही होता. मरे ह्यांच्या कोशात शब्दांचे अर्थ कालानुक्रमाने दिलेले असल्यामुळे ते आपणांस चटकन कळते. येथे आगरकरांनी काय केले हे त्यांच्या पुस्तकात पाहावे, पण न्याय करताना १८८३ साल विसरू नये. कोश कोणत्या साली निघाला हे ठाऊक असणे हा त्याच्या उपयोगाचाच भाग आहे, तो असा.

मराठीची बाजू ह्याहून कष्टाची आहे. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन स्वदेशी परतल्यावर, सरकारी आश्रयाची वाट न पाहता भागभांडवल गोळा करून, ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ २३ खंडांत सिद्धीस नेला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ ह्या सात वर्षांत सात खंडांनी पुरा झाला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव ह्यांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२ ते १९४६ ह्या काळात दिले. शंकर गणेश दाते ह्यांची १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि १९३८ ते १९५० ह्या काळाचा तिचा दुसरा भाग १९६१ साली. ह्या दोन दात्यांची गल्लत नवशिक्याकडून वारंवार होते: शब्दकोशाचे दाते निराळे आणि सूचीचे दाते निराळे. शेवटी, उंब्रजच्या वरच्या अंगास, त्याच कृष्णेच्या काठी वाई येथे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोश’ आकारास आला. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा असून सर्व मिळून २० खंड झाले आहेत. शेक्सपिअर, मिल्टन ह्यांच्यासंबंधी मराठीत पहिली नीट माहिती हवी असेल तर ह्या कोशाइतके विश्वसनीय साधन दुसरे नाही.

एवढी सामग्री घेऊन ‘विकारविलसिता’कडे जाऊ. नावापासूनच आरंभ करावा. ‘विकार’ म्हणताच आजच्या वाचकास हृदयविकार किंवा मूत्रविकार आठवतो. मोल्सवर्थ उघडला म्हणजे मूळ स्थितीतील पालट, रोग आणि मनाची क्षुब्ध वृत्ती ही त्या शब्दाची तिन्ही अंगे दिसतात, आणि आगरकरांच्या वाचकाला त्या नावात मनोविकारांचा खेळ कसा ऐकू येत होता ते ध्यानी येते. नाटकाला नायकाचे नाव न देता त्याच्या मनोव्यापारांचे नाव देणे हे भाषांतरकाराने केलेले भाष्यच आहे. संशोधनाचा एक धागा येथे, पहिल्या पानावरच, हाती लागला.

दुसरा प्रश्न काळाचा. हे भाषांतर तुरुंगात झाले असे आगरकरांवरील लेखांतून वाचावयास मिळते. कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर ह्यांना १८८२ साली शिक्षा होऊन त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि ग्रंथ पुढच्याच वर्षी निघाला. म्हणून विधान संभवनीय वाटते. परंतु वर्षांची जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. ‘हॅम्लेट’ हे शेक्सपिअरचे सर्वांत दीर्घ नाटक. ते तुरुंगात आरंभिले, तुरुंगात संपविले, की बाहेर आल्यावर त्यावर हात फिरविला, ही तीन निरनिराळी विधाने होत, आणि चरित्रकोशाच्या दोन ओळींत ती तिन्ही एकाच वाक्यात मावून जातात. अशा वेळी साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे स्वतः आगरकर. त्यांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ आणि भाषांतराची प्रस्तावना ही दोन्ही पाहिल्याखेरीज लेखणी उचलू नये. आणखी सहा कोशांत तेच वाक्य आढळले म्हणून त्याचे बळ सहापट वाढत नाही. सहाही जणांनी सातव्याचे पाहून लिहिले असेल, तर साक्ष अजून एकच आहे.

कोठे जावे हे मात्र कोशच सांगतो. विश्वकोशातील मोठ्या नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथांची नावे आणि लेखकाचे नाव असते. इंग्रजांच्या चरित्रकोशातही आधार व लेखकाची खूण नोंदीच्या अखेरीस असते. म्हणून संशोधकाने नोंद खालून वर वाचण्याची सवय करावी. वरच्या मजकुरात लेखकाने काढलेला निष्कर्ष असतो. तो निष्कर्ष ज्या कागदांवरून काढला, त्यांच्याकडे जाणारी पायवाट खाली असते.

तिसरे साधन सूची. दात्यांच्या सूचीत विषयवार मांडणी असल्यामुळे नाटकांची पाने उलटताना ‘विकारविलसित’ एकटे उभे राहत नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ सालचे, नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांचे ‘टेंपेस्ट’ १८७५ सालचे, विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांचे ‘तारा’ १८७९ सालचे, मग आगरकर, मग देवल, अशी एक रांग तयार होते. ही रांग दिसताच नवे प्रश्न सुचतात. ‘ऑथेल्लो’ एकदा भाषांतरित झाले असता देवलांना त्याचे रूपांतर करावेसे का वाटले? भाषांतर वाचावयाचे आणि रूपांतर खेळावयाचे, असा काही भेद त्या पिढीच्या मनात होता काय? तसे असेल तर ‘विकारविलसित’ हे भाषांतर असूनही रंगभूमीवर इतके का टिकले? ज्या कीर्तन्यांनी ‘टेंपेस्ट’ मराठीत आणले त्यांनीच १८६८ साली ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका लिहिली होती. एकाच माणसाने इंग्रजाचे नाटक घेतले आणि इंग्रजाचा इतिहास तपासला. ही गोष्ट कोणत्याही कोशात एका वाक्यात लिहिलेली नसली, तरी दोन नोंदी शेजारी ठेवणाऱ्यास दिसते. सूची वाचण्याचे खरे फळ हे आहे.

चौथा प्रश्न मूळ पाठाचा. ‘हॅम्लेट’चा एक पाठ १६०३ साली छापला गेला, दुसरा त्याहून पुष्कळ विस्तृत असा १६०४-०५ साली, आणि तिसरा १६२३ सालच्या संग्रहात, तिघांत भेद आहेत. चौथ्या अंकातील नायकाचे एक मोठे स्वगत दुसऱ्या पाठात आहे, पण १६२३ च्या संग्रहात नाही. मग आगरकरांच्या भाषांतरात ते स्वगत आढळले तर त्यांच्यापुढे कोणता पाठ होता हे ठरेल काय? ठरणार नाही. कारण एकोणिसाव्या शतकातील प्रचलित आवृत्त्यांत दोन्ही पाठांची सरमिसळ करून छापण्याची वहिवाट होती. येथे फर्नेस ह्यांनी १८७७ साली काढलेली ‘हॅम्लेट’ची पाठभेदयुक्त आवृत्ती मार्गदर्शक ठरते, कोणत्या संपादकाने कोणता शब्द पसंत केला ते तीत ओळीगणिक दिले आहे. अशा दहापाच शब्दांशी मराठी भाषांतर ताडून पाहिले म्हणजे भाषांतरकारापुढील पुस्तकाचा माग लागू शकतो. हे काम चिकाटीचे आहे, परंतु ते उंब्रजास बसून करता येते, आणि त्यास मराठीचे ज्ञान असणारा माणूसच लागतो.

येथवर कोशांची थोरवी झाली. आता त्यांच्या मर्यादा. प्रत्येक कोशास रचणाऱ्याचा हात लागलेला असतो. केतकरांनी आपल्या कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनेस दिले आणि त्यांत स्वतःची इतिहासदृष्टी मांडली. त्यांच्या नोंदी वाचताना ही दृष्टी विसरून चालत नाही. इंग्रजांच्या जुन्या चरित्रकोशात स्त्रियांना जागा फार थोडी मिळाली. नव्या रचनेत ती उणीव पुष्कळ भरून काढावी लागली. ग्रंथसूची ग्रंथांची असते. म्हणून नाटक मंडळ्यांचे गावोगावचे मुक्काम, हस्तपत्रके, नटांनी वापरलेल्या फाटक्या वह्या ह्यांना तीत स्थान नाही. हे कोशांवरील दूषण नव्हे. विद्यार्थ्यास उलट त्यात आशेची जागा आहे, कारण कोश जेथे मुका होतो तेथून त्याचे स्वतःचे काम सुरू होते. जुन्या वृत्तपत्रांच्या संचिका, नाटक मंडळ्यांशी संबंध असलेल्या घराण्यांची दप्तरे, नटांच्या आठवणी, ह्यांकडे त्याने त्या मुक्या जागेवरून वळावयाचे असते. पण ती जागा खरोखर मुकी आहे, की आपणच नीट पाहिले नाही, हे कोश धुंडाळल्यावाचून कळत नाही.

ह्या संबंधात वाईचेच दुसरे स्मरण होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड छापला, त्यातील कागद वाई येथे मिळालेले होते. बखरींवर आणि ग्रँट डफवर विसंबून राहू नका, अस्सल पत्रे पाहा, हा त्यांचा आग्रह. त्याच गावी पाऊणशे वर्षांनी अवघे ज्ञान नोंदींत बांधणारा विश्वकोश निघाला. एकाने कागदाच्या मूळ चिठोऱ्यावर श्रद्धा ठेविली, दुसऱ्याने त्या चिठोऱ्यांच्या साराचे रक्षण केले. हे दोन प्रयत्न एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः संशोधन म्हणजे ह्या दोहोंमधली ये-जा होय. साराशिवाय चिठोरे वाचता येत नाही, आणि चिठोरे पाहिल्याशिवाय सारावर विश्वास ठेवण्याचा अधिकार येत नाही.

आज मोल्सवर्थ, दाते-कर्वे, केतकर आणि विश्वकोश हे चारही संगणकावर घरबसल्या पाहता येतात. पूर्वी ह्यासाठी पुण्यामुंबईस बिऱ्हाड करावे लागे. तो खर्च ज्यांना झेपत नव्हता त्यांच्यासाठी संशोधनाचे दार बंदच असे. ही अडचण दूर झाली, हा लहान गावांतील विद्यार्थ्यांचा मोठाच लाभ आहे. मात्र एक नवी हानीही त्याबरोबर आली. शब्द टाकला की नोंद उघडते. खंडाची प्रस्तावना, संक्षेपांची यादी, छपाईचे वर्ष, शेजारच्या नोंदी ह्यांतले काहीच डोळ्यांखालून जात नाही. नोंद जणू काल आणि कोणाच्याही हातावाचून लिहिली गेली असावी अशी दिसते. म्हणून प्रत्येक कोशाची प्रस्तावना एकवार तरी सबंध वाचावी आणि टिपण घेताना नोंदीबरोबर तिचे वर्ष लिहावे, हा जुना नियम आज अधिकच पाळला पाहिजे.

ह्या साऱ्याला एक व्यापक अंगही आहे. इंग्रजी वाङ्मयाचा आपला अभ्यास फार काळ परक्याने मांडलेले निष्कर्ष घोकण्याचा राहिला. परीक्षेपुरते ते चालले. संशोधनात ते चालत नाही. आगरकर, देवल, कीर्तने हे इंग्रजी ग्रंथांपुढे विद्यार्थी म्हणून बसले, पण उठले ते देणारे होऊन. त्यांच्यापाशी मरे नव्हता, स्टीफन नव्हता, दात्यांची सूची नव्हती. आजच्या उंब्रजच्या विद्यार्थ्यापाशी ही सर्व आहेत. केतकर, दोन्ही दाते, कर्वे, चित्रावशास्त्री आणि वाईचे विद्वान ह्यांनी आयुष्ये वेचली ती पुढच्याने त्यांचे उतारे काढावेत म्हणून नव्हे. त्यांनी जेथे काम थांबविले तेथपर्यंत त्याला थोड्या दिवसांत पोहोचता यावे, आणि पुढचे अंतर त्याने आपल्या पायांनी चालावे, म्हणून त्यांनी ते कष्ट केले. ते अंतर चालणे हीच त्यांच्या ऋणाची फेड होय.